डॉक्टरकाकांनंतर कोण?

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आई फोनवर म्हणाली डॉक्टरकाका दिवाळीनंतर दवाखाना बंद करतायत, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. त्यांचा मुलगा रेडिओलॉजिस्ट, तो काय रामबागेत सर्दी-खोकला बघत बसणार, आणि का बसावं त्याने.

बाबा, तुम्ही म्हणता इंदूरात डॉक्टरांची काय कमी. बोर्ड भरपूर आहेत हो, पण वाचा ना, हाडांचे, हार्टचे, पोटाचे, अख्खा माणूस बघणारा कुठेय? २०२४ मध्ये सरकारने संसदेत ८३६ लोकांमागे एक डॉक्टर असा हिशेब दिला, पण त्यात आयुषवाले, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीवाले पण धरलेत आणि स्पेशालिस्ट पण, फॅमिली डॉक्टर किती ते त्यातून कळतच नाही. इथे इंग्लंडमध्ये एका पूर्णवेळ जीपीमागे, म्हणजे फॅमिली डॉक्टरमागे, सव्वादोन हजारांच्या आसपास पेशंट, सकाळी आठला फोन लावून रांगेत थांबा, वैताग नुसता. पण नाव नोंदवलेलं असतं आणि डॉक्टर बदलला तरी रेकॉर्ड आपल्या मागे येतं. तुमचं सगळं रेकॉर्ड काकांच्या डोक्यात.

गुडघ्यासाठी त्या हाडांच्या डॉक्टरने पेनकिलर दिली, बीपीची टेल्मिसार्टन चालू आहे का हे विचारलंच नाही. दोन्ही एकत्र घेतल्या की किडनीवर ताण येऊ शकतो, बीपीही वाढू शकतं. काकांनी चिठ्ठी बघितली म्हणून पेनकिलर बंद झाली. पुढच्या वेळी कोण बघणार?

तर आजारी पडायच्या आधीच कोणीतरी ठरवा. साधा एमबीबीएस चालेल, रोज बसणारा, घराजवळचा, आणि प्लीज पासष्टीचा नको, परत तेच होईल. आई, सरकारी संजीवनी क्लिनिकला नाक मुरडू नकोस, बीपी-शुगर फुकट बघतात, औषधं पण देतात, निदान मोजायला तरी जा. आणि बाबांचं सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड झालंय म्हणून निवांत होऊ नका, ते ॲडमिट झाल्यावर कामाचं, ओपीडीची फी खिशातूनच जाते.

या आठवड्यात काकांकडून एक कागद लिहून घ्या, चालू गोळ्या, जुनी ऑपरेशनं, बाबांना सल्फा चालत नाही ते ठळक अक्षरात. फोटो काढून मला पाठवा. त्यांना वेळ नसला तर तिथूनच मला फोन लावा, ते बोलतील तसं मी टाइप करते.

तुमची,
मनू