अध्यक्षीय बिशप शॉन रो यांना खुले पत्र: बिशपाला सगळ्यांची संमती, आमच्या लेकीला एकाचा नकार

माननीय बिशप शॉन रो,
एपिस्कोपल चर्च, अमेरिका

सप्रेम सलाम.

पत्र मराठीत आहे. आपल्या कार्यालयाला ते कुणाकडून तरी वाचून घेणं जड जाऊ नये. शिवाय नगरपासून न्यू जर्सीपर्यंत माझी जी माणसं हे वाचतील, त्यांनाही चार शब्द ऐकवायचे आहेत.

आमच्या धाकटीचं लग्न ठरलं आहे, तिच्या मैत्रिणीशी. ज्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, तिथेच विवाहविधी व्हावा एवढीच तिची इच्छा. पाळकसाहेबांनी आनंदाने होकार दिला, तारीख दिली, हॉलचे आगाऊ पैसेही घेतले. मग गेल्या महिन्यात घरी बोलावून, चहा पाजून सांगितलं की त्यांची सदसद्विवेकबुद्धी आड येते आहे. पावती फाडताना ती कुठे गेली होती कोण जाणे. पैसे अजून परत आलेले नाहीत.

पहिल्याच दिवशी त्यांनी नाही म्हटलं असतं, तर मी त्यांना मान दिला असता. हो म्हणून, पत्रिका छापू देऊन मग मागे फिरणं याला काय म्हणायचं?

आमच्या बिशपांकडे गेलो. त्यांनी नियम दाखवला: पाळकाला कोणतंही लग्न लावायला नकार देता येतो. बरं. मग 2015 साली सॉल्ट लेक सिटीला चर्चच्या अधिवेशनात समलिंगी जोडप्यांसाठी विवाहाचे नियम बदललेत ते कशासाठी? 2018 साली ऑस्टिनला ठरवलंत की बिशपाला पटो न पटो, त्याच्या हद्दीत ही वाट खुली राहील. ऑल्बनीच्या बिशप लव्ह यांनी ते मानलं नाही, तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आणि 2021 मध्ये त्यांनी पद सोडलं. म्हणजे बिशपाने अडवलं तर गुन्हा, पाळकाने अडवलं तर सदसद्विवेकबुद्धी!

आणि बिशप करताना केवढा थाट! प्रांताने निवडून दिलं तरी भागत नाही. देशभरच्या बिशपांची आणि प्रत्येक प्रांताच्या स्थायी समितीची संमती मागायची, 120 दिवस वाट पाहायची. 2003 साली जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या पाळकाला बिशप करण्याच्या वेळी मिनियापोलिसला बिशपांची मतं 62 विरुद्ध 43 पडली. काही जण 45 सांगतात, आपलं कार्यालय दुरुस्त करील. अभिषेकाच्या दिवशी त्या माणसाला झग्याखाली गोळी अडवणारं जाकीट घालावं लागलं. तीनच वर्षांनी कोलंबसला ठराव केलात की जगभरच्या अँग्लिकन चर्चला अडचणीची वाटेल अशी राहणी असलेल्या उमेदवाराला संमती देताना हात आखडता घ्या. नंतर तो हात पुन्हा सैल झाला आणि 2010 मध्ये समलिंगी असलेल्या मेरी ग्लासपूल बिशप झाल्या. उलट बाजूलाही तेच: समलिंगी विवाह न मानणाऱ्या फ्लोरिडाच्या चार्ली होल्ट यांना प्रांताने दोनदा निवडलं आणि दोन्ही वेळा पद मिळालं नाही. एका माणसाच्या हातात बिशपाची काठी द्यावी की नाही, यासाठी 100 च्या आसपास प्रांतांत पत्रं फिरतात. दोन मुलींना रडवायला एक माणूस पुरतो, आणि त्याला संमती कुणाचीच लागत नाही.

आमच्या घरात काय चाललंय ते विचारू नका. आमचे हे चर्चला यायचे थांबले. सासर-माहेर दोन्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. लग्नाची बातमी नगरला पोचली तशी धाकट्या दिरांनी 1998 च्या लॅम्बेथ परिषदेचा, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या बैठकीचा, समलिंगी संबंध नाकारणारा ठराव व्हॉट्सॲपवर पाठवला, 526 विरुद्ध 70, खाली हात जोडलेलं चित्र. मी त्यांना ताठ मानेने लिहिलं होतं, "भाऊजी, आमचं चर्च तसं नाही." आता ते विचारतात, हॉल मिळाला का? जाऊबाई फोन उचलत नाहीत. मुलगी मलाच समजावते, "आई, कोर्टात करू." तेवीस वर्षं त्या चर्चचं स्वयंपाकघर सांभाळलं, कुणाच्या मयताला, कुणाच्या बारशाला किती भांडी घासली, त्याचा हिशेब कुठल्या समितीकडे मांडायचा?

तुमच्या सगळ्या वरिष्ठांचं असंच आहे. 2008 ला लॅम्बेथचं आमंत्रण रॉबिन्सनना नाही. 2022 ला समलिंगी बिशपांना आहे, त्यांच्या जोडीदारांना नाही. पंगतीला बसवायचं आणि पान मांडायचं नाही, ही तुमची एकी! ठरावात कुणीच दुखावलं जात नाही. दुखावली जातात ती ठराव न वाचता रविवारी येणारी माणसं.

अध्यक्षीय बिशपाला पाळकावर हुकूम चालवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. उत्तरात तेवढंच लिहून पाठवू नका. हॉलचे पैसे परत करायला सांगा. जिथे अशी लग्नं लावणार नाहीत, त्या चर्चने तसं दारावर लिहावं, असा नियम पुढच्या अधिवेशनात आणा. आईबाप बाप्तिस्म्याच्या आधीच वाचतील.

लग्न ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. त्या दिवशी आपण मोकळे असलात, तर कळवावे. विधी आपल्याला येतोच.

आपली,
मूळची नगरची एक आई