धारण तलावांचा प्रश्न चिठ्ठीने निवडलेल्या नागरिकांपुढे ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२६ च्या जानेवारीत नवी मुंबई महापालिकेसाठी मतदान झालं. त्याआधीच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्येच संपली होती. साडेपाच वर्षांहून अधिक काळ या शहराला नगरसेवक नव्हता. गटार तुंबलं काय नि झाड पडलं काय, अर्ज प्रशासकाच्या नावे. आता पुन्हा महासभा आहे, तेव्हा नव्या सभागृहाकडे एक मागणी करायची आहे. बेलापूर-वाशीच्या धारण तलावांचं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तलावांचं, पुढे काय करायचं, हा प्रश्न महापालिकेने मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शंभरेक नागरिकांपुढे ठेवावा. त्यांना सगळ्या बाजू ऐकू द्याव्यात आणि त्यांच्या शिफारशींना ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावं.

अशा गोष्टी कागदावरच शोभतात असं कुणाला वाटेल. आयर्लंडमध्ये ही गोष्ट घडली आहे, आणि तलावाहून कितीतरी अवघड अशा गर्भपाताच्या प्रश्नावर घडली आहे. त्या प्रश्नाशी आपल्याकडच्या एका मुलीचं नाव जोडलेलं आहे.

मी मूळची बेळगावची, लग्नानंतर इकडे आले. सारी नोकरी प्रसूती कक्षात झाली. २०१२ च्या नोव्हेंबरात सविता हलप्पनवार यांची बातमी आली, तेव्हा आमच्या बेळगावच्या नात्यागोत्यात दुसरा विषय नव्हता. बेळगावची मुलगी, दंतवैद्य, वय ३१, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे शहरात राहणारी. सतराव्या आठवड्यात गर्भ पडायला लागला. तो वाचणार नाही हे डॉक्टरांनाही दिसत होतं. पण ठोके चालू आहेत तोवर हात लावता येत नाही, असा कायद्याचा अर्थ तिथे लावला जात होता. तिने विनवलं, नवऱ्याने विनवलं. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्ग रक्तात पसरून ती गेली.

गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी फुटलेली बाई वॉर्डात असली की आम्ही ताप, नाडी आणि अंगावरून जाणाऱ्या पाण्याचा वास, या तीन गोष्टींवरून नजर हलू देत नसू. नाडी चढायला लागली की डॉक्टरांना उठवायचं, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. सविताच्या मृत्यूच्या चौकशीत या नोंदींकडे झालेलं दुर्लक्षही पुढे आलं. पण नोंदी चोख असत्या तरी निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यावर त्या कायद्याचं ओझं होतंच. आई आणि न जन्मलेलं मूल यांचा जगण्याचा हक्क सारखा, असं कलम १९८३ मध्ये सार्वमत घेऊन घटनेत घातलं होतं. तिथली घटना सार्वमताशिवाय बदलत नाही, म्हणजे ते काढायचं तर पुन्हा साऱ्या देशाला विचारणं आलं.

सविता गेल्यावर हजारो माणसं मेणबत्त्या आणि तिचा फोटो घेऊन डब्लिनच्या, गॉलवेच्या रस्त्यांवर उतरली. दुसऱ्या बाजूलाही माणसं होती, मनापासून मानणारी, चर्चमध्ये वाढलेली. त्यांना वाईट ठरवून मला मोकळं व्हायचं नाही. मोठ्या पक्षांना हा विषय अंगावर घ्यायचा नव्हता. अशा कोंडीत २०१६ मध्ये नागरिक सभा बसवली गेली. ९९ सामान्य नागरिक आणि अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लाफॉय. हे ९९ जण वय, स्त्री-पुरुष, प्रांत आणि सामाजिक स्तर यांचं प्रमाण सांभाळून, कुणाच्या शिफारशीशिवाय निवडायचे. डब्लिनजवळच्या मॅलाहाइड गावातल्या एका हॉटेलात ते पाच शनिवार-रविवार या विषयावर बसले. सात-आठ जणांचं एक गोल टेबल, टेबलावर चर्चा चालवणारा एक, टिपणं घेणारा एक. डॉक्टर, वकील, नीतीचे अभ्यासक आले. गर्भपाताच्या बाजूच्या आणि विरोधातल्या संघटना आल्या. ज्यांनी हे सोसलं त्या बायकांचं बोलणं ऐकवलं गेलं. जाहीर भाषणं देशाला थेट दिसत होती, टेबलावरचं बोलणं मात्र त्या टेबलापुरतं. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. कॅमेरा समोर असला की माणूस आपलं मत बदलायला धजत नाही.

एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी गुप्त मतदान केलं. राजकारण्यांना वाटलं होतं त्याहून पुष्कळ पुढे जाणारी शिफारस आली. मग संसदेची समिती, मग गावोगाव दारोदार फिरणारे स्वयंसेवक, आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी ते कलम काढून टाकलं.

याआधी २०१२ ते २०१४ मध्ये तिथे १०० जणांचं घटना संमेलन झालं होतं: ६६ नागरिक, ३३ राजकीय प्रतिनिधी आणि एक अध्यक्ष. समलिंगी विवाहाची शिफारस तिथून आली आणि मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्क्यांनी मंजूर झाली. त्या संमेलनातली एक अट आपल्या कामाची आहे. प्रत्येक अहवालाला सरकार चार महिन्यांत संसदेत उत्तर देईल, हे आधीच ठरलेलं होतं. उत्तर नकाराचं असलं तरी चालेल, पण द्यायचं. आपल्याकडे हरकती-सूचना मागवतात, पोच घेऊन आपण घरी येतो, आणि त्या हरकतीचं पुढे काय झालं हे कळवायला कुणी बांधील नसतं.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. २०१८ मध्ये असं उघडकीस आलं, की माणसं जमवण्याचं काम दिलेल्या एकाने सात सदस्य ओळखीपाळखीतून घेतले होते. सातही जणांना वगळण्यात आलं आणि ते जाहीर करण्यात आलं. २०२२ मध्ये डब्लिनसाठी वेगळी सभा झाली. महापौर थेट लोकांनी निवडावा अशी शिफारस तिने केली, ती अजून अमलात आलेली नाही. मार्च २०२४ मध्ये कुटुंब आणि घरातली देखभाल या विषयांवरची दोन सार्वमतं सपशेल पडली. या प्रश्नांवरही नागरिक सभा झाली होती, पण सरकारने सार्वमताला ठेवलेला मजकूर सभेने सुचवलेल्याहून वेगळा होता.

माझी मुलगी लिमरिकला नर्स आहे. तिचा पासपोर्ट भारताचा. तरी जून २०२४ मध्ये तिने लिमरिकच्या महापौरासाठी मत दिलं, कारण तिथे स्थानिक निवडणुकीत नागरिकत्व विचारत नाहीत, तुम्ही तिथे राहता एवढं पुरतं. महापौर थेट निवडायचा की नाही, हेही लिमरिककरांनी २०१९ मध्ये मतदानाने ठरवलं होतं. कॉर्क आणि वॉटरफर्डने त्याच दिवशी थोडक्या मतांनी नाही म्हटलं. मतपत्रिकेवर पहिली पसंती, दुसरी, तिसरी असे आकडे घालायचे असतात, ते ती मला फोनवर समजावत होती. त्या दिवशी बेलापूरला आम्हाला साधा नगरसेवक नव्हता. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

छोट्या जागेचा आवाज देशापर्यंत कसा जातो, हे लीट्रिम परगण्यात दिसलं. आयर्लंडमधला हा सर्वांत कमी वस्तीचा परगणा, सुमारे ३५ हजार माणसं. आपल्याकडे काही सेक्टर मिळून तेवढी होतील. जमिनीत खोलवर पाणी आणि रसायनं दाबून खडकातला वायू काढायचं, म्हणजे फ्रॅकिंगचं, तिथे घाटत होतं. गावकऱ्यांनी शेतकरी, पर्यटनवाले, आयाबाया अशा सगळ्यांना धरून काही वर्षं मोहीम चालवली. अखेर त्याच भागाचे खासदार टोनी मॅकलॉक्लिन यांनी खासगी विधेयक आणलं आणि २०१७ मध्ये साऱ्या देशात जमिनीवरच्या फ्रॅकिंगवर बंदी आली.

आंदोलन आपल्याला कुणी शिकवायला नको. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्यावर गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचं तत्त्व आलं. हे शहर त्या लोकांच्या जमिनीवर उभं आहे. पण मोर्चा संपला की प्रश्न फायलीत जातो. मोर्चा आणि फाईल यांच्या मधे, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा माणसांनी एका टेबलावर बसून कागद वाचायची जागा आपल्याकडे नाही. प्रभाग समित्या आहेत, पण तिथेही मुख्यतः नगरसेवकच असतात.

आता धारण तलाव. हे शहर खाडीकाठच्या खाजणात भराव घालून वसवलं. पावसाचं पाणी या तलावांत साठवायचं, भरतीला खाडीकडची झडप मिटते, ओहोटीला उघडते आणि पाणी निघून जातं, अशी योजना. वर्षानुवर्षं गाळ साचला, गाळात खारफुटी वाढली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटीला कडक संरक्षण दिलं, ते योग्यच झालं. पण त्यामुळे गाळ काढायचा तर परवानगीचा प्रश्न आला. आमच्या सोसायटीत जूनच्या आधी भरतीचं वेळापत्रक लिफ्टशेजारी चिकटवतात. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखांवर लाल पेनाने गोल केलेले असतात. त्या दिवशी आभाळ भरून आलं की तळमजल्यावरची माणसं गाद्या आणि गव्हाचे डबे माळ्यावर चढवतात, गॅसच्या शेगडीखाली विटा ठेवतात. त्यांना सांगून पाहा की खारफुटी महत्त्वाची आहे. आणि जो खाडीत जाळं टाकतो त्याला सांगून पाहा की ती काढू या. दोघंही खरं बोलतात, आणि ते दोघं एकमेकांशी कधी बोललेले नाहीत.

चिठ्ठीने आलेल्या माणसाला यातलं काय कळणार, असं विचारलं जाईल. मॅलाहाइडला जमलेल्यांतही बहुतेकांना घटनेचा कायदा ठाऊक नव्हता. त्यांना शिकायला वेळ आणि माणसं दिली होती. नगरसेवकांचा अधिकारही कुठे जात नाही, शेवटचा ठराव महासभाच करेल.

माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. चिठ्ठ्या उघड्या सभागृहात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काढाव्यात, आणि त्यात गावठाण, झोपडपट्टी, सिडकोची घरं, टॉवर यांचं प्रमाण राखावं. आणि येणाऱ्याला दिवसाची मजुरी द्यावी, बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर ठेवावं. नाहीतर घरकाम करणारी बाई आणि रिक्षावाला रविवारी येणार नाहीत आणि माझ्यासारखे निवृत्तच बसतील. आयर्लंडच्या २०१६ च्या सभेत सदस्यांना मानधन नव्हतं. ते आपण घेऊ नये.

खर्च चार-पाच शनिवार-रविवारांच्या चहा-जेवणाचा, मजुरीचा आणि काही तज्ज्ञांच्या प्रवासाचा. जागा प्रभागाप्रभागात आहेत, समाजमंदिरं आहेत. या पावसाळ्यात कुठे किती पाणी चढलं याच्या नोंदी महापालिकेच्या अभियंत्यांनी ठेवाव्यात, गटवार सोसायट्यांकडूनही मागवाव्यात. दिवाळीनंतर सभा बसवली तर जानेवारीत अहवाल महासभेपुढे येईल, आणि फेब्रुवारीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद करता येईल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई