वागळे इस्टेटच्या मिस्त्रीकाकांना, एका 'खट्ट'बद्दल

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

जुन्या जिप्सीच्या पोटातून खट्ट आवाज आला की बहुतेक ठिकाणी निकाल आधीच ठरलेला असतो: "क्राऊन-पिनियन गेलं, खोलायला लागेल." (म्हणजे ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचे दातेरी गिअर.) तुम्ही ही घाई कधी करू दिली नाहीत. आधी आवाज कधी येतो ते सांगा, मग हाताने ढिल (सांध्यातली मोकळी हालचाल) शोधा, आणि महागाचं काम सगळ्यात शेवटी. तुमच्या या क्रमाने ठाणे-नवी मुंबईतल्या आम्हा जिप्सीवाल्यांचे पुष्कळ पैसे वाचवलेत. त्याचे जाहीर आभार, आणि क्रमही इथे मांडतो, म्हणजे नव्याने जुनी गाडी घेणाऱ्यांना उपयोग होईल.

तीन हात नाक्याला क्लच सोडताना, नाहीतर पहिल्यातून रिव्हर्स टाकताना एकदाच खट्ट होतं, तेव्हा प्रॉपेलर शाफ्टच्या (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) वाटेवर कुठेतरी ढिल साचलेली असते. गायमुखच्या उतारावर ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की येतो तोही त्याच घरचा आवाज. वेगाबरोबर वाढणारी चिक-चिक बहुधा कोरड्या क्रॉसची, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वाकूनही फिरणाऱ्या सांध्याची. स्पीडब्रेकरवर न्यूट्रलमध्येसुद्धा वाजत असेल तर शाफ्टला हात लावू नका. पाट्यांचे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचे) बुश, शॅकल आणि यू-बोल्ट बघा. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला असेल तर अख्खा ॲक्सल पाट्यावर सरकतो, आणि तो ब्रेक मारताना जास्त कळतो.

आता गाडीखाली. सपाट जागा, इंजिन बंद, चाकांना पुढून-मागून ठोकळे, मगच न्यूट्रल. क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक (क्रॉस धरणारे काटे) दोन हातांत धरून उलटसुलट पिळायचे. एक हलला आणि दुसरा जागेवर राहिला, तर तो क्रॉस गेला. "थोडंसंच आहे" हे तुम्ही कधी चालवून घेतलं नाहीत. क्रॉसच्या टोपीच्या कडेला लाल भुकटी दिसली म्हणजे आतल्या बेअरिंगच्या सुया गंजल्या.

जिप्सीत ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून सुटी असते. म्हणून शाफ्ट तीन आणि क्रॉस सहा. गिअरबॉक्स ते ट्रान्सफर हा आखूड शाफ्ट बरेच जण बघतच नाहीत, आणि फिरतो मात्र तोच सगळ्यात जास्त: जिप्सी किंगची ट्रान्सफर हाय रेंजमध्येही (रोजच्या गिअरमध्येही) वेग सुमारे १.४ पटीने उतरवते, तेवढा हा मागच्या शाफ्टपेक्षा जोरात पळतो. तिथेच ट्रान्सफरची तीन रबरी माउंटिंग आहेत. पहारीने हलकेच उचलून बघायचं. रबर फाटलेलं असेल तर केस उचलली जाते आणि आपटते. सहा क्रॉस नवे टाकूनही ती खट्ट जात नाही.

शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या स्लाइडिंग स्प्लाइनचा खटका गाडी थांबताना किंवा सुटताना येतो. ग्रीस मारल्यावर तो गायब झाला, तर निदान आणि इलाज एकदमच झाला.

डिफरन्शियल अगदी शेवटी. पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) गोल फिरवताना थोडी ढिल असणारच, ती दोष नाही. पण तो वर-खाली किंवा आत-बाहेर हलला तर पिनियन बेअरिंग गेलंय. हा एवढा भेद न केल्यामुळे डिफरन्शियलची किती चांगली हौसिंग उगाच खोलली गेली असतील!

आणखी एक: कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळलात तर पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पीळ घालतात आणि सुटताना ठणका देतात. तो बिघाड नाही, चालवणाऱ्याची चूक आहे.

क्रॉस बसवण्याबद्दल तुमचे खास आभार. शाफ्ट काढण्याआधी पांढऱ्या रंगाची खूण, कारण दोन्ही टोकांचे योक एका पातळीत बसले नाहीत तर खट्ट जाऊन थरथर येते. सर्क्लिप (टोपी अडकवणारी कडी) खोबणीत बसत नसेल तर हातोडी चालवायची नाही. एखादी सुई टोपीच्या तळाशी आडवी पडलेली असते. क्रॉसवरच्या निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) ग्रीस चारही टोप्यांतून डोकावेपर्यंत मारायचं. तीनच टोप्यांतून आलं तर चौथी कोरडी राहिली, आणि पुढचा आवाज तिचाच.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की दुसऱ्या दिवशी ग्रीस, आणि हौसिंगचं तेल दुधाळ झालं असेल तर ते बदलून ब्रीदरची (हौसिंगमधली हवा बाहेर सोडणारी) नळी तपासणं, हे आम्ही आता न सांगता करतो.

आपले,
ठाणे-नवी मुंबईचे जुने जिप्सीवाले