'कळकणे' विसरू नका

मा. संपादक,
स. न.

तांब्या-पितळेच्या भांड्यांत स्वयंपाक करण्याचे फायदे सांगणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. ही भांडी पुन्हा वापरात येत आहेत याचा आनंदच आहे. पण अख्ख्या लेखात 'कल्हई' (भांड्याला आतून दिलेला कथलाचा थर) हा शब्द एकदाही नाही आणि 'कळकणे', म्हणजे भांड्याच्या धातूने अन्न बिघडणे, तर नाहीच, हे खटकले.

दूध नासते, पीठ आंबते, भाजी विटते, ताक मात्र कळकते. पहिल्या तिन्हींत पदार्थच बिघडतो. कळकण्यात पदार्थ चांगला असतो, दोष भांड्याचा असतो. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात चिंचेची आमटी रात्रभर राहिली, तर सकाळी कडेने हिरवट रेघ धरलेली दिसते, आमटीचा रंग पालटतो आणि घोट घेताच जिभेवर धातूची कडवट चव येते. आंबटाने तांबे सुटते आणि अन्नात उतरते. ते पोटात गेले की मळमळते, उलट्याही होतात. म्हणून तर लोणचे चिनी मातीच्या बरणीतच घालायचे.

संस्कृतात 'कलंक' म्हणजे डाग आणि लोखंडावरचा गंजही. 'कळकणे' त्याच कुळातले. घराण्याचा कलंक सर्वांना ठाऊक आहे, ताकाचा मात्र स्टीलची भांडी आल्यावर विस्मरणात गेला. 'कल्हई' अरबीतून आली. तिकडे 'कलई' म्हणजे कथील. मलाया द्वीपकल्पातल्या ज्या कलाह बंदरातून अरब व्यापारी कथील नेत, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळते. म्हणून भाता आणि कोळशाच्या छोट्या भट्टीवर, दारातच, कल्हईचे काम होई. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठे, धातूवरचा गंज निघे आणि कापसाच्या बोळ्याने कथील चांदीसारखे पसरे.

आज दुकानांत आतून तांबूस-पिवळी चकचकीत भांडी स्वयंपाकासाठी म्हणून विकली जातात. ती कल्हईशिवाय आंबट पदार्थांसाठी वापरू नका, हे कोणी सांगत नाही. नव्या संसारातल्या मुलामुलींनी कल्हई पाहिलेलीच नसते. त्यांनी विचारायचे तरी काय?

आपण पुढच्या पुरवणीत एवढी चौकट जरूर छापावी: आंबट पदार्थांसाठी भांडे घेताना आत कल्हई आहे का ते पाहा, ती उडाली की पुन्हा करून घ्या आणि तांब्याच्या बाटलीतल्या पाण्यात लिंबू पिळू नका.

आपली,
एक वाचक, पुणे