किलचर्नचे किल्लेदार

ग्लासगो,
२४ मे

प्रिय सुधीर,

एडिंबरोचा किल्ला बघून ‘हे तर म्युझियम झालं रे, किल्ला कुठाय?’ असं तू वैतागून म्हणाला होतास, म्हणून मुद्दाम लिहितोय. तुला दाखवावा असा किल्ला सापडलाय. नाव किलचर्न. ग्लासगोहून ओबनला जाताना डालमॅली गाव मागे पडलं की लॉख ऑ लागतो. तळं म्हणायचं आपलं. लांबी ४० किलोमीटरच्या वर आणि रुंदी बहुतेक ठिकाणी जेमतेम एक किलोमीटर. त्याच्या वरच्या टोकाला पाण्यात घुसलेल्या भूशिरावर हा उभा आहे. पूर्वी ते बेटच होतं. १८१७ मध्ये तळ्याची पातळी खाली आणली आणि बेट काठाला जोडलं गेलं. थोडक्यात, जलदुर्गाचा भुईकोट झाला!

गाडी लावायची, रेल्वेपुलाखालून वाकडी वाट धरायची आणि मेंढ्यांच्या मधून चिखल तुडवत जायचं. तिकीट नाही, गाइड नाही. कणीस भाजणारी एखादी मावशी तरी हवी होती, असं वृंदा दोनदा म्हणाली.

आता इतिहास, म्हणजे तुझा प्रांत. इथल्या बड्या कॅम्पबेल कुळाच्या ग्लेनऑर्की शाखेचा मूळपुरुष सर कॉलिन याने १४५० च्या सुमाराला इथे पाच मजली बुरूज बांधला. दंतकथा मात्र बांधकामाचं श्रेय त्याच्या बायकोला देते. दंतकथेचं म्हणणं असं: कॉलिन धर्मयुद्धावर ऱ्होड्सला गेला, सात वर्षं पत्ता नाही. शेजारच्या मॅककॉर्कोडेलने त्याची पत्रं मध्येच गायब केली, तो मेल्याची हूल उठवली आणि वहिनीसाहेबांच्या मागे लग्नाचा लकडा लावला. बाई हुशार. ‘किल्ला पुरा होऊ दे, मग बघू’ म्हणाली आणि सात वर्षांचा सारा या दगडांत ओतला. शेवटी लग्नाचा दिवस उजाडलाच. मांडवात एक भिकारी आला, नवरीच्या हातूनच प्यायला घेईन म्हणून अडून बसला, पेला रिकामा करून परत दिला, तर तळाशी कॉलिनची अंगठी! पुढचं तू ओळखलंसच. शकुंतलेला मासा लागला, इथे वाइनवर भागलं.

गोष्ट गोड आहे, पण मला तिच्यातली मखलाशी जास्त आवडली. या गोष्टीत कॅम्पबेल हा गरीब बिचारा, आणि दुसऱ्याच्या घरावर डोळा ठेवणारा कोण, तर शेजारी! प्रत्यक्षात या तळ्याभोवती शेजाऱ्यांच्या जमिनी कुणी गिळल्या असतील, तर या कॅम्पबेलांनीच. आणि तलवारीपेक्षा कागदावर. सनदा, गहाणखतं, पालकत्व, सोयरीक. आपल्याकडच्या वतनाच्या भांडणांची दप्तरं तू चाळली आहेस. ही माणसं तुला परकी वाटायची नाहीत.

सगळ्यात जास्त गेलं शेजारच्या मॅकग्रेगर कुळाचं. बुरुजावरून समोर जी ग्लेनस्ट्रेची दरी दिसते, ती त्यांची. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले, पण हातात कागद नाही. आणि गंमत बघ, कॅम्पबेल पूर्वेला टे तळ्याकडे नव्या वाड्यात राहायला गेले, तेव्हा किलचर्नची किल्लेदारी याच मॅकग्रेगरांकडे होती! ज्यांची दरी घेतली, त्यांच्याच कमरेला किल्ल्या. ते टिकणं शक्य नव्हतं. ग्रेगर मॅकग्रेगर वयात आला, तेव्हा वारसाहक्काने ग्लेनस्ट्रे त्याला द्यायला ‘करडा’ कॉलिन कॅम्पबेल तयार होईना. ग्रेगरने बंड केलं, काही वर्षं डोंगरात काढली, पकडला गेला आणि एप्रिल १५७० मध्ये कॉलिनच्या त्या नव्या वाड्यापाशी त्याचं मुंडकं उडवलं. त्याची बायको मॅरियन, तीही कॅम्पबेलांचीच लेक. तिने रचलेला विलाप इथल्या गेलिक बोलणाऱ्या बायका अजून अंगाई म्हणून गातात. बाळाला थोपटता थोपटता माहेरच्यांचं तळपट व्हावं अशी प्रार्थना! आपल्या ओव्यांत बाया सासरला बोल लावतात, इथे उलटं. मला ते ऐकून झोप आली नसती.

तिचाच मुलगा अ‍ॅलिस्टर पुढे कुळाचा प्रमुख झाला. १६०३ मध्ये ग्लेन फ्रूनला त्याने शेजारच्या कोल्हुनांची कत्तल केली. (हेही धुतल्या तांदळासारखे नव्हते, हे लिहून ठेवतो, नाहीतर तू मला पक्षपाती म्हणशील.) त्यावर राजाने काय केलं असेल? मॅकग्रेगर हे नावच बंद केलं. ते लावलं तर फाशी. जवळ शस्त्र नको; मांस कापायला सुरी चालेल, पण तीही बिनटोकाची. अ‍ॅलिस्टरला १६०४ च्या जानेवारीत एडिंबरोला लटकवलं. बाकीचे ग्रँट झाले, मरे झाले, ड्रमंड झाले, आणि कित्येक चक्क कॅम्पबेल झाले. तो प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉयदेखील आईचं माहेरचं नाव लावून रॉबर्ट कॅम्पबेल अशी सही करायचा. बंदी १६६१ मध्ये उठली, १६९३ मध्ये पुन्हा आली आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये.

१६९३ हा आकडा लक्षात ठेव, कारण बुरुजाच्या दारावर तोच कोरलाय. दार ठेंगणं, आपल्या दिंडीदरवाजासारखं. गणेशपट्टी असते त्या जागी एक आडवा दगड, त्यावर साल आणि नवरा-बायकोची आद्याक्षरं. नवरा म्हणजे जॉन कॅम्पबेल, ब्रेडॅल्बेनचा पहिला अर्ल. बायको मेरी, केथनेसच्या अर्लची विधवा. जॉनने काय केलं होतं, तर त्या कर्जबाजारी अर्लची कर्जं स्वतःकडे घेतली, बदल्यात जहागिरी लिहून घेतली, तो मेल्यावर त्याच्या विधवेशी लग्न लावलं आणि त्या अर्लचे सिंक्लेअर भाऊबंद आडवे आले तेव्हा १६८० मध्ये फौज नेऊन त्यांना झोडपलं. दगडावर हाताने अक्षरं चाचपली. कडा झिजून गोल झाल्यात, पण वाचता येतात.

याच गृहस्थाने आत २०० शिपायांची बराक बांधली. तीन मजली, आता बिनछपराची. चुली भिंतींना अधांतरी चिकटलेल्या दिसतात. १७४५ च्या जॅकोबाइट बंडात (गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्यासाठी झालेलं बंड) सरकारी शिबंदी इथे होती. पण किल्ल्याचा निकाल तोफेने लावला नाही. १७६० च्या दशकात वीज पडली, आणि अंगणात तिचा पुरावा आजही पडलाय: कोपऱ्यावरची छोटी बुरुजी वरून सुटून खाली आली आणि डोक्यावर उभी राहिली. एरवी मान वर करून बघावी लागणारी तिच्या तळाची गोल कडी इथे थेट हाताशी येतात, एकावर एक रचलेली. चुना एवढा पक्का की पाच मजले कोसळूनही चिरे विस्कटले नाहीत. मी तिथेच सर्वांत जास्त रेंगाळलो.

वर मागे क्रूआखन, ११२६ मीटर. आपल्याकडे ‘हर हर महादेव’, तशी कॅम्पबेलांची आरोळी नुसती ‘क्रूआखन!’ या डोंगरावर म्हणे एक म्हातारी राहायची. तिच्याकडे एकच काम: माथ्यावरच्या झऱ्यावर संध्याकाळी शिळा ठेवायची आणि सकाळी काढायची. एकदा शेळ्या राखून दमली, शिळा ठेवायची विसरून झोपली. रात्रभर पाणी धो धो खाली. दरी, गुरं, माणसं बुडाली आणि तळं झालं. म्हातारी दगड होऊन बसली. आणि याच डोंगराच्या पोटात १९६५ पासून वीजकेंद्र आहे, आपल्या घाटघरसारखं: मागणी नसताना तळ्यातलं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवायचं, गरज पडली की सोडायचं. म्हातारीची ड्यूटी सरकारने पाळ्यांमध्ये लावली म्हण.

तुला यायचं असेल तर मे सोडू नकोस. जूनपासून मिज नावाची चिलटं उठतात, ती फोडून खातात. हिवाळ्यात आत जायचं दारच बंद असतं. बूट सह्याद्रीतलेच आण, इथला चिखल त्यांना नवा नाही. बेटांवर आणखी दोन पडके किल्ले आहेत, त्यांना होडी लागेल, तेव्हा पोहण्याचं तुझं शौर्य पुण्यात ठेवून ये. पाणी मेमध्येही हाडं गोठवतं. आणि रजेचं काय ते या आठवड्यात कळव, तिकिटं महागताहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद