घर घेताना भिंतीही तपासा

महोदय,

जुने घर घेताना आपण वकिलाकडून मालकी हक्काचा ३० वर्षांचा शोध अहवाल आवर्जून घेतो. पण त्याच घराचा पाया, स्लॅब आणि लाकूडकाम अभियंत्याला दाखवत नाही, ही गोष्ट मला फार चिंताजनक वाटते. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या महापुरात अनेक घरांत पाणी शिरले होते, आणि अशा घरांवर नवा रंग चढला की भिंतीत मुरलेली ओल, गंजलेली सळई किंवा चौकटीमागची वाळवी खरेदीदाराला दिसत नाही. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखाली नोंदणीकृत नव्या प्रकल्पात बांधकामदोषांसाठी ताब्यापासून ५ वर्षे बिल्डर जबाबदार असतो. जुन्या घराला हे संरक्षण नाही. त्यामुळे विसार देण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी आणि कर्ज देणाऱ्या बँकांनीही मूल्यांकनाबरोबर वाळवीचा लेखी अहवाल मागावा.

– एक वाचक, कोल्हापूर