वैजू, तो टूरवाल्याचा कागद आधी बाजूला ठेव

तेवरा, एर्नाकुलम
१२ सप्टेंबर

प्रिय वैजू,

तू पाठवलेला दिवाळीतल्या केरळ टूरचा कागद वाचला. पाच रात्री, सहा दिवस. कोची, मुन्नार, ठेक्कडी, अलप्पुळा, कोवळम. फोनवर बोलू म्हटलं तर तुझ्याकडे छोटी रडते नि माझ्याकडे थोरल्याचा अभ्यास, म्हणून लिहायलाच बसले. आधी भांडून घेते, मग कामाचं सांगते.

हा कागद ज्याने केला त्याच्या घरी दहा महिन्यांचं मूल नाही, एवढं नक्की. पहिल्याच दिवसाचा हिशोब मांडून बघ. सातारा ते लोहगाव साडेतीन तास धर, कारण कात्रजपासून पुढे कुणाचीच हमी नसते. विमानाच्या दोन तास आधी पोचायचं. विमान जेमतेम दोन तासांचं. कोचीच्या विमानतळावर, नेडुंबाश्शेरीला, उतरून सामान हातात पडेतो पाऊण तास. आणि तिथून तो तुम्हांला थेट मुन्नारला नेणार, म्हणजे आणखी शंभरावर किलोमीटर, चार तास, त्यातला निम्मा घाट. बारा तासांच्या वर गेलं की गं हे! सगळे धास्ती घेतात विमानाची. पोरांचा खरा भोंगा वाजतो तो असल्या दिवसाच्या शेवटी, हॉटेलच्या काउंटरवर, खोलीची चावी मिळायच्या आत.

तेव्हा पहिली रात्र आमच्याकडे. यात मानपानाचं काही नाही, सोयीचं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटभर झोपून, आंघोळी करून निघा. ठेक्कडी खोड. मुन्नारहून ते नव्वदएक किलोमीटर असेल, पण सगळी वळणंच. कोवळमही खोड, ते तिरुवनंतपुरमच्या पलीकडे, तुमचा एक अख्खा दिवस गाडीत जाईल, आणि समुद्र तर इथेही आहे. मुन्नारला तीन रात्री, आमच्याकडे दोन. अजितराव म्हणतील, 'एवढे पैसे खर्चून दोनच ठिकाणं?' त्यांना म्हणावं, चार वर्षांच्या अद्वैतला ठिकाणं मोजता येत नाहीत, भूक मात्र बरोबर मोजता येते.

आता विमानाचं. रात्री अकराचं किंवा पहाटे चारचं स्वस्त तिकीट दिसलं तरी घेऊ नकोस. वाचलेले पैसे दुसऱ्या दिवशीच्या चिडचिडीत जातात. साताऱ्याहून निघणाऱ्याला दुपारचं विमान बरं. छोटी दोन वर्षांच्या आतली, म्हणून ती मांडीवर. तिला वेगळी जागा लागत नाही, पण तिकीट लागतं. जन्मदाखल्याची प्रत दोघांच्या फोनमध्ये आणि एक कागदावर ठेव. वेब चेक-इन उघडल्या उघडल्या करून टाक, तरी मांडीवरचं बाळ असलं की बऱ्याचदा काउंटरवर जावंच लागतं. अद्वैतची जागा लांब पडेल म्हणून घाबरून जास्तीचे पैसे भरत बसू नकोस. एकाच पीएनआरवरच्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाच्या शेजारी बसवायचं, असं डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याने, २०२४ च्या एप्रिलमध्येच विमान कंपन्यांना बजावलंय. काउंटरवर शांतपणे एवढंच सांग.

तू खिडकीत, म्हणजे पाजताना आडोसा मिळतो. मध्ये अद्वैत, कडेला अजितराव. सासूबाई पलीकडच्या रांगेत कडेला. गुडघ्यांमुळे त्यांना पाय पसरता आले पाहिजेत. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेव. त्या 'मला काही झालेलं नाही' म्हणतील, पण लोहगावच्या नव्या टर्मिनलमध्ये चालायला पुष्कळ आहे.

बोर्डिंगला 'लहान मुलं असलेल्यांनी आधी या' असं पुकारतात. छान वाटतं, पण त्यात दोघांनी मुलांसकट धावत सुटण्यात अर्थ नाही. अजितरावांनी बॅगा घेऊन पुढे व्हावं, वरच्या कप्प्यात सामान लावावं. तू अद्वैतला बाहेर जितका नाचवता येईल तितका नाचव आणि शेवटच्या माणसांबरोबर चढ. बंद विमानात जागेवर बसून काढलेली वीस मिनिटं ही हवेतल्या दोन तासांपेक्षा लांब असतात. बाबागाडी बऱ्याच कंपन्या विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात, तरी तू झोळीवजा कॅरिअरच आण. आमच्याकडच्या फुटपाथांवर बाबागाडी ढकलणं म्हणजे शिक्षा आहे.

कानांचं नीट वाच. विमान वर चढताना नाही, उतरताना जास्त दुखतं. घशापासून कानाकडे जाणारी नळी पोरांची अरुंद नि आडवी असते. खाली येताना बाहेरचा दाब वाढत जातो, आणि ती नळी चटकन उघडत नाही. गिळलं की उघडते. उतरायच्या अर्धा तास आधी विमान खाली यायला लागतं, तेव्हा छोटीला पाजायला घे. त्यासाठी आधीचं पाजणं जरा हात राखून, नाहीतर ऐन वेळी ती तोंड फिरवेल. अद्वैत झोपला असेल तर उठव, कारण झोपेत माणूस फार कमी गिळतो. त्याला पाण्याचा एकेक घोट दे. गोळ्या-चॉकलेटं ठसक्याला कारण होतात, ती नकोत. निघायच्या दोन दिवस आधी कुणाला सर्दी झाली किंवा कान दुखला, तर तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नका. आणि 'झोपेचं औषध पाज, गप्प पडेल' असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. काही पोरं त्याने उलट जास्त चेकाळतात.

अद्वैतचा तो नळीवाला सिपर. वर गेल्यावर विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा कमी होतो. जमिनीवर घट्ट लावलेलं झाकण तिथे उघडलं की नळीतून कारंजं उडतं, आणि ते नेमकं पुढच्या काकांच्या टकलावर. आधी झाकण जरा सैल करून हवा जाऊ दे, मग नळी उघड. वेफरच्या पुड्याही तशाच टम्म फुगतात, त्या बघायला मात्र तो खूश होईल.

हातातल्या बॅगेत छोटीचे दोन जोड कपडे, आणि तुझा स्वतःचा एक कुर्ता. हा कुर्ता सगळ्याजणी विसरतात. गरम पाण्याचा छोटा थर्मास, नाचणी सत्त्व, दशम्या, राजगिऱ्याच्या वड्या. देशातल्या विमानात बाळाचं खाणं-दूध नेऊ देतात, फक्त सिक्युरिटीत उघडून दाखवायला सांगतील. पॉवरबँक मोठ्या बॅगेत टाकलीस तर काउंटरवर बॅग उपसावी लागेल, ती हातातच हवी.

मुन्नारच्या वाटेवर नेरियमंगलमचा पूल ओलांडला की घाट लागतो. त्याच्या आधी कोतमंगलमला अर्धा तास थांबा. तिथे हलकं खाऊ घाल, दूध नको. गाडी लागायची ती अद्वैतला; दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा लागत नाही. त्याला मोबाइल देऊ नकोस, समोर बघायला लाव, गाणी म्हणा. इथल्या टॅक्सीत लहान मुलांची सीट नसते. आमच्या धाकटीची माळ्यावर पडून आहे, ती छोटीसाठी काढून देते. पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसायचं नाही, ड्रायव्हरने कितीही आग्रह केला तरी. अद्वैतलाही मागेच पट्टा लाव.

मुन्नार आपल्या महाबळेश्वरापेक्षा थोडं उंच आहे, रात्री गारठा पडतो, स्वेटर-टोपी आणच. तिथे 'पॉइंट' बघत फिरू नका. एका दिवसाला एक गोष्ट. एरविकुलमच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळची पहिली वेळ ऑनलाइन घेऊन ठेव. तिथले नीलगिरी ताहर, म्हणजे डोंगरातल्या रानबकऱ्याच, बऱ्याचदा रस्त्यालगत चरतात. अद्वैतला त्याहून जास्त काही लागणार नाही. दिवाळीच्या सुमारास इथे तुलावर्षम, परतीच्या वाऱ्यांचा पाऊस असतो. सकाळ स्वच्छ, दुपारी तीन-चारनंतर विजांचा कडकडाट. त्यामुळे फिरणं सकाळी, दुपारनंतर खोलीत. पोरांच्या झोपेला हे वेळापत्रक आयतंच सोयीचं आहे.

हाउसबोटीचा तुझा हट्ट मला कळतो, फोटो छान येतात. पण रांगणारं मूल घेऊन तिथे रात्र काढू नकोस. कठडे बुटके असतात, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधून ठेवतात, आणि मग तुम्ही, डास आणि पाणी. स्वस्तातल्या बोटीत एसीही रात्री नऊनंतरच चालू होतो. त्यापेक्षा अलप्पुळ्याला सकाळी दोन-तीन तासांसाठी शिकारा, म्हणजे छपराची छोटी बोट, घ्या. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं दाखव म्हणावं, आणि नसतील तर चढायचंच नाही. अंधार पडल्यावर कुठल्याही बोटीत पाय ठेवायचा नाही. २०२३ च्या मे महिन्यात इथे केरळातच तानूरला संध्याकाळची पर्यटकांची बोट उलटली, बावीस माणसं गेली, त्यात लहान मुलं किती तरी होती. तेव्हापासून मी याबाबतीत कुणाची भीड ठेवत नाही.

अद्वैतला बोटीतच बसायचं असेल तर आमची वॉटर मेट्रो आहे. २०२३ मध्ये सुरू झाली, विजेवर चालते, आत एसी, मोठ्या काचा. हायकोर्टाच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीला जायचं, ती मासे धरायची चिनी जाळी वरखाली होताना बघायची आणि परत यायचं. आमची दोघं अजून कंटाळलेली नाहीत.

खाण्याची काळजी नको. अप्पम, इडिअप्पम, वाफवलेलं नेंद्र केळं, कंजी म्हणजे आपली पेजच. छोटीला हे सगळं चालेल. खोबरेल तेलाचा वास सासूबाईंना दोन दिवस नकोसा होईल, म्हणून मेतकुटाची बरणी आण. हॉटेलात गुलाबी गरम पाणी देतात, त्याने दचकू नकोस. एका झाडाचं लाकूड घालून उकळलेलं असतं, अद्वैत ते सरबत समजून ढोसेल. औषधांत पॅरासिटॅमॉलचं प्रमाण दोघांच्या वजनानुसार डॉक्टरांकडून लिहून घे, आणि ओआरएसच्या पुड्या घे. ओआरएससारखी वाटणारी डब्यातली गोड पेयं नव्हेत.

टूरवाल्याला अजून पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. आमचा नेहमीचा टॅक्सीवाला आहे, मोडकंतोडकं हिंदी बोलतो आणि पोरांनी गाडीत घाण केली तरी आवाज चढवत नाही. त्याला दिवाळीत सुट्टीचं काही नसतं, कारण इथे दिवाळी फारशी साजरी होत नाही. पण तारखा आत्ताच सांगाव्या लागतील. विमान कुठलं ठरतंय ते रविवारपर्यंत कळव.

तुझी,
मेधा

ता. क. सासूबाईंनी माझ्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बांधल्या असतील तर आधीच सोडायला सांग. त्यात तेल असतं म्हणून विमानात सुकं खोबरं चालत नाही, आणि ते पोलिसाच्या टेबलावर ठेवून यायचं त्यांच्या जिवावर येईल. कंदी पेढे मात्र खुशाल आणा.